कपाटापासून वडीपर्यंत

हा लेख मी एका चुकीमुळे लिहायला घेतला, म्हणून आधी ती चूकच सांगून टाकतो.

नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या घरात तेव्हा "बाबा, स्टोरेज फुल झालंय" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येत होतं. चिरंजीव दहा वर्षांचे. कन्सोलमध्ये नवा गेम टाकायचा तर जुना काढावा लागतो, आणि काढलेला परत हवासा वाटला की अर्धा दिवस डाउनलोड होण्याची वाट बघत बसायचं. वर्गातल्या कुणीतरी त्याला सांगितलं, की बाहेरून एक छोटी एसएसडी लावली की काम भागतं. आता कॉम्प्युटरवाल्याच्या घरात असल्या वस्तूंना काय तोटा! माझ्या टेबलाच्या खणात त्याला एक सापडली. काळी, चपटी, वडीएवढी. त्याने ती लावली. पडद्यावर प्रश्न आला, ही ड्राइव्ह वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? त्याने "हो" म्हटलं. खरं सांगायचं तर मोठ्यांनीही तेच केलं असतं. असले प्रश्न वाचतो कोण?

त्या वडीत आमच्या घराचे वीस वर्षांचे फोटो होते आणि माझ्या आजीचा आवाज होता. २००८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, इंजिनिअरिंगचं एक वर्ष शिल्लक असताना, मी गावी जाऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. सगळ्या मिळून दोन तास. घरात पीठ गिरणीतून यायला लागून तीस वर्षं झाली होती, पण जात्याचा खुंटा हातात आल्याशिवाय तिला ओव्या आठवतच नसत. म्हणून मग मूठमूठ ज्वारी टाकून जातं खरोखरच फिरवावं लागलं. रेकॉर्डिंगमध्ये ओवीपेक्षा जात्याची घरघरच जास्त. २०१३ साली आजी गेली.

त्या फाइल्सचं पुढे काय झालं ते सांगतो, पण थोडं थांबा. त्या दिवशी घरात आधी आरडाओरड झाली (ती माझी), मग रडारड झाली. रात्री झोपताना चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, पण एवढ्याशा वस्तूत पणजीचा आवाज असतो तरी कुठे?" इतकी वर्षं या धंद्यात काढूनही मला धड उत्तर देता येईना. म्हणून पुढच्या शनिवारी त्याला गाडीत घातलं आणि माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये नेलं. आपण बे एरियातली मंडळी भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गोल्डन गेट दाखवतो, आणि ज्या धंद्यावर आपल्या घरांचे हप्ते फिटतात त्याचं हे देऊळ मात्र बघायचं राहून जातं.

तिथे रॅमॅक आहे. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेला, हार्ड डिस्क असलेला पहिला कॉम्प्युटर. त्यातल्या डिस्कच्या भागाचं नाव आयबीएम ३५०. ती बनली आपल्या सॅन होजेमध्ये, नोट्र डेम अव्हेन्यूवरच्या ९९ नंबरच्या इमारतीत. तुकडीचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे पूर्वी चक्क शाळेत विज्ञान शिकवत असत आणि विद्यार्थ्यांचे पेपर तपासणारं यंत्र बनवून आयबीएममध्ये आले होते. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या. माहिती वाचणारा हात आधी वरखाली सरकून हवी ती तबकडी गाठायचा, मग आत शिरायचा. त्यात सेकंदाचा सहा दशांश भाग जायचा. एकूण आकार साधारण दोन गोदरेज कपाटांएवढा, वजन टनाच्या आसपास, आणि सगळ्या यंत्रणेचं भाडं महिन्याला ३२०० डॉलर. म्युझियमच्या स्वयंसेवकांनी आणि जुन्या तंत्रज्ञांनी मेहनत घेऊन अशी एक ड्राइव्ह पुन्हा चालती केली आहे.

त्यात मावायचं किती, तर ५० लाख अक्षरं. चिरंजीवांना गणित घातलं: खणातल्या त्या एक टेराबाइटच्या वडीत किती रॅमॅक मावतील? त्याने बोटं मोडून उत्तर काढलं, दोन लाख. दुसरं गणित मी स्वतःच केलं. रॅमॅक सेकंदाला ८८०० अक्षरं पाठवू शकायचा. त्या वेगाने आजचा १०० गिगाबाइटचा एक गेम कॉपी करायला चार महिन्यांहून जास्त वेळ लागला असता. हे ऐकून त्याला पहिल्यांदाच आपल्या डाउनलोडबद्दल थोडं बरं वाटलं.

त्याच सॅन होजेच्या आयबीएममध्ये अ‍ॅलन शुगार्ट नावाचे इंजिनिअर होते. आठ इंची फ्लॉपी १९७१ साली निघाली ती त्यांच्या विभागातून. पुढे त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तिने १९७६ मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी आणली. ते स्वतः त्याआधीच त्या कंपनीतून बाहेर पडले होते. १९७९ साली त्यांनी दुसरी काढली, ती सीगेट. सतरा नंबरच्या हायवेने सांताक्रूझच्या बीचवर जाताना वाटेत स्कॉट्स व्हॅली लागते ना, तिथे. १९८० मध्ये सीगेटने ५ मेगाबाइटची हार्ड डिस्क आणली, किंमत १५०० डॉलर. म्हणजे चोवीस वर्षांत दोन कपाटांमधला माल पावाच्या लादीएवढ्या डब्यात आला होता.

आमच्या पिढीच्या वाट्याला आली ती साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ मेगाबाइटची. सोनीचं मूळ डिझाइन, पण या मापाची १९८७ पासूनची. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये बूट बाहेर काढून, एसीच्या गारव्यात, एका मशीनवर तिघंतिघं बसायचो. सर पाठमोरे झाले की कुणाच्या तरी दप्तरातून फ्लॉपी निघायची. तिच्यात 'डेव्ह' असायचा, नाहीतर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. अख्खा गेम एका फ्लॉपीत! घरी तो गेम घेऊन जावा, तर फ्लॉपी सायकलच्या कॅरिअरवरच्या हादऱ्यांनी, धुळीने किंवा नुसत्या दैवयोगाने 'बॅड सेक्टर' व्हायची. बाहेरून लावायचं स्टोरेज आणि गेम यांची जोडी आमच्या चिरंजीवांच्या आधीपासूनची आहे, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांच्याकडे टीव्हीचा व्हिडिओ गेम असायचा, काडतुसाएवढ्या नव्हे पण काडतूस म्हणतात त्या डबीवाला. '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं, आत मोजून दहा-बारा गेम. त्यात आपण कुठवर पोचलो हे साठवायची सोय नसे. मूळच्या जपानी गेममध्ये मात्र ती होती. 'द लिजेंड ऑफ झेल्डा' अमेरिकेत १९८७ मध्ये आला तेव्हा त्याच्या डबीत चक्क एक घड्याळात असते तशी बॅटरी होती. तिच्या जोरावर तुमची प्रगती लक्षात राहायची. बॅटरी संपली की राज्य खालसा. १९९४ साली सोनीच्या प्लेस्टेशनने मेमरी कार्ड आणलं, १२८ किलोबाइटचं, पंधरा कप्प्यांचं. ते खिशात घालून मित्राच्या घरी जायचं आणि आपण सोडलं तिथून पुढे खेळायचं. यात बॅटरी नव्हती, फिरणारं काही नव्हतं. खिशातलं, न हलणारं, वीज बंद केली तरी न विसरणारं गेमचं स्टोरेज! आजच्या वडीचं हे थेट पूर्वज. फक्त आकारात ऐंशी लाखांचा फरक.

बॅटरीशिवाय हे लक्षात कसं राहतं? इथे आपली गोष्ट जपानला जाते.

फुजिओ मासुओका तोशिबा कंपनीत होते. विजेवर चालणारी आणि वीज गेली की सगळं विसरणारी मेमरी त्यांच्या कंपनीत बनतच होती. त्यांना वीज गेल्यावरही न विसरणारी, आणि मुख्य म्हणजे स्वस्त अशी मेमरी हवी होती. कंपनीने सोपवलेलं काम वेगळंच, त्यामुळे हे संशोधन त्यांनी रात्री आणि सुट्टीच्या दिवशी केलं असं सांगतात. पूर्वीच्या पुसता येणाऱ्या चिप्समध्ये एकेक अक्षर स्वतंत्र पुसायची सोय होती आणि त्या सोयीपायी चिप महाग व्हायची. मासुओका म्हणाले, ही चैन हवी कशाला? अख्खा गठ्ठाच एकदम पुसू या. शाळेतल्या पाटीचा विचार करा. लिहायचं एकेक अक्षर, पण पुसायची ती ओल्या फडक्याने सगळी पाटी. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना हे एकदम पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून नाव पडलं फ्लॅश मेमरी. १९८४ च्या डिसेंबरमध्ये मासुओकांनी हे काम जगापुढे मांडलं तेही आपल्या शेजारीच, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत. १९८७ मध्ये त्यांनी नॅन्ड नावाचा आणखी दाटीवाटीचा प्रकार मांडला. आज फोनपासून एसएसडीपर्यंत सगळीकडे आहे तो हाच.

त्यांचं पुढे काय झालं हे आपल्यासारख्या नोकरदारांनी वाचण्यासारखं आहे. पहिला मोठा फायदा इंटेलने उठवला. तोशिबाने मासुओकांना फुटकळ बक्षीस दिलं. १९९४ साली ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ मध्ये त्यांनी कंपनीवर १०० कोटी येनचा दावा लावला, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या वस्तूवर जगातले अब्जावधी फोन चालतात तिचा हा मोबदला.

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळतो. आवाज असतो कुठे? फ्लॅश चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म भांडी असतात असं समजा. भांड्याला चारी बाजूंनी काचेसारखं पातळ आवरण, आणि भांडं भरायचं ते इलेक्ट्रॉनने. बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्येच ही कल्पना मांडली होती. जोराचा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन आवरणातून आरपार आत शिरतात, आणि दाब काढला की आतच अडकून पडतात. भांडं भरलेलं की रिकामं, यावरून शून्य की एक ते कळतं. मग हावरटपणा वाढला. भरलेलं-रिकामं एवढंच कशाला, किती बोटं भरलंय ते बघू. चार पातळ्या ओळखता आल्या तर एका भांड्यात दोन बिट, आठ पातळ्या ओळखल्या तर तीन, सोळा ओळखल्या तर चार. आजच्या स्वस्त एसएसडी असल्याच तीन-चार बिटांच्या असतात. जितक्या पातळ्या जास्त, तितकं मोजणं नाजूक आणि भांड्याचं आयुष्य कमी, कारण इलेक्ट्रॉन आत-बाहेर करताना आवरण थोडंथोडं झिजतं. तर बाळा, पणजीचा आवाज म्हणजे वेगवेगळ्या बोटं भरलेली काही अब्ज भांडी. तो म्हणाला, "आणि मी ती सांडली?" मला काय बोलावं सुचेना.

फ्लॅशची डिस्क करायची कल्पना एली हरारी यांची. त्यांनी १९८८ मध्ये सनडिस्क कंपनी काढली, तिचंच १९९५ मध्ये सॅनडिस्क झालं. दोन साथीदारांपैकी एक आपले संजय मेहरोत्रा, जन्म कानपूरचा, बिट्स पिलानीतून बर्कलेला आलेले. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा तीनदा नाकारला गेला होता आणि वडिलांनी हट्ट धरून अधिकाऱ्याला पटवलं, ही हकीगत त्यांनी स्वतः सांगितली आहे. दूतावासाबाहेरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ती आपली वाटेल. २०१७ पासून ते मायक्रॉन या दुसऱ्या मेमरी कंपनीचे प्रमुख झाले. १९९१ मध्ये सनडिस्कने आयबीएमसाठी २० मेगाबाइटची एसएसडी बनवली. किंमत, सुमारे १००० डॉलर. म्हणजे तेव्हा ती कुणी खिशात घालून फिरणार नव्हतं.

खिशात घालून फिरायचं तर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कुठल्याही मशीनला सहज लागणारं भोक. ते ज्यांच्यामुळे मिळालं त्या अजय भट्टांची गोष्ट मला फार आवडते. भट्ट बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअर झाले आणि १९९० मध्ये इंटेलमध्ये लागले. त्या विद्यापीठाचा इंजिनिअरिंग विभाग ज्या कलाभवनातून वाढला, ते सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये सुरू केलेलं. आणि हे सयाजीराव म्हणजे आपल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावातून दत्तक गेलेला मुलगा! यूएसबीत आपला थोडासा वाटा आहे असं मी गमतीने म्हणतो, तेव्हा आमचे गुजराती शेजारी हसून सोडून देतात.

भट्टांच्या घरी मुलीच्या शाळेचं काही छापायला प्रिंटर जोडताना पत्नीची होणारी तारांबळ त्यांना खुपायची. तेव्हा प्रिंटरला एक भोक, माउसला दुसरं, मोडेमला तिसरं, आणि काही नवं लावलं की कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. इंटेल आणि इतर सहा कंपन्यांनी मिळून १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर केली. वेग सेकंदाला १२ मेगाबिट. त्या वेगाने आजचा १०० गिगाबाइटचा गेम कागदावर साडेअठरा तास घेतो. २००० साली यूएसबी २.० आलं, वेग चाळीसपट. २००८ मध्ये ३.० आलं, त्याच्याही दसपट. त्यानंतर या नावांचं जे काही झालं ते विचारू नका. पुण्यातल्या रस्त्याला कसं एक जुनं नाव, एक पालिकेचं आणि एक रिक्षावाल्याच्या तोंडचं असतं, तसं ३.० चंच पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. २०१४ मध्ये टाइप-सी आली आणि पहिल्या प्रयत्नात उलटी घुसवायची आपली सवय निदान सुटली. एक धोक्याची सूचना मात्र देतो: टाइप-सीचं तोंड असलेली प्रत्येक केबल वेगवान नसते. एसएसडी नवी कोरी आणि केबल फोनच्या चार्जरची, असं केलंत तर २००० सालच्याच वेगाने काम होईल. सल्ला विचारायला आलेल्या निम्म्या मित्रांचा आजार एवढाच निघाला आहे.

यूएसबी आणि फ्लॅशचं लग्न २००० साली लागलं. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने थंबड्राइव्ह आणली, इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेली ८ मेगाबाइटची काडी आयबीएमने विकली. आधी कोण, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपण तिला पेन ड्राइव्ह म्हणू लागलो. मी पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा वर्गात एकाकडे २५६ मेगाबाइटची होती, ती तो गळ्यात दोरीने अडकवून मंगळसूत्रासारखी मिरवायचा.

पण पेन ड्राइव्हवर गेम चालवण्याइतका वेग नसे, आणि मोठी जागा हवी तर खरी फिरणारी हार्ड डिस्कच लागे. परदेशातल्या मराठी माणसाला ही बाहेरची हार्ड डिस्क वेगळी सांगायला नको. भारतवारीहून परतणाऱ्याच्या हँडबॅगेत मेतकूट, भाजणी आणि एक हार्ड डिस्क असायचीच: शंभर सिनेमे, चाळीस नाटकं, गीतरामायणापासून नाट्यसंगीतापर्यंत सगळं. ती मग गावभर फिरायची. कुणाच्या तरी टेबलावरून पडायची आणि आतून टक् टक् असा आवाज यायला लागायचा. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. वाचणारा हात तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो. रॅमॅकची ती खानदानी खोड शेवटपर्यंत गेली नाही.

फ्लॅश स्वस्त केली ती कॅमेऱ्यांनी, आयपॉडने आणि फोनने. पहिल्या २००१ च्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची छोटी हार्ड डिस्क होती, २००५ च्या नॅनोमध्ये तिच्या जागी फ्लॅश आली. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि डिस्कच्या किमती भडकल्या, तेव्हा बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा एसएसडीकडे वळून बघितलं. २०१३ मध्ये सॅमसंगने भांडी शेजारी-शेजारी मांडण्याऐवजी मजल्यांवर मजले चढवायला सुरुवात केली, पहिल्यांदा चोवीस मजले. आपल्या मुंबईसारखंच, जागा वाढेना म्हणून वर. आणि २०१५ च्या जानेवारीत त्याच कंपनीची टी१ आली. व्हिजिटिंग कार्डापेक्षा लहान, वजन सुमारे ३० ग्रॅम, सेकंदाला ४५० मेगाबाइट, १ टेराबाइटला ६०० डॉलर. वडी जन्माला आली ती अशी. २०२३ पर्यंत तेवढ्याच मापाची ड्राइव्ह शंभर डॉलरच्या आत मिळायला लागली. २०२५ च्या अखेरीस मात्र एआयच्या डेटा सेंटर्सनी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि किमती परत चढल्या.

इकडे गेम सुजत चालले होते. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ८ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि ती लोकांना प्रचंड वाटली होती. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ५०० गिगाबाइट घेऊन आले आणि लगेचच अपुरे पडले. एक्सबॉक्सने २०१४ मध्ये आणि प्लेस्टेशनने २०१७ मध्ये बाहेरची यूएसबी ड्राइव्ह लावू दिली. गंमत अशी, की या मशीनना बाहेरून एसएसडी लावली तर आतल्या हार्ड डिस्कपेक्षा गेम लवकर उघडायचे. पाहुणा घरच्यापेक्षा कामसू निघाला.

गेम सुजायचं एक कारण मला फार नंतर कळलं. सोनीच्या प्लेस्टेशन ५ चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी २०२० च्या मार्चमध्ये दिलेल्या भाषणात ते सांगितलं. हार्ड डिस्कचा हात सरकायला वेळ लागतो. म्हणून गेम बनवणारे रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंचं चित्र डिस्कवर जागोजागी पुन्हापुन्हा लिहून ठेवायचे, म्हणजे हात जिथे असेल तिथेच ते सापडावं. स्पायडरमॅनच्या गेममध्ये काही गोष्टींच्या चारशे प्रती होत्या! 'हेलडायव्हर्स २' बनवणाऱ्यांनी २०२५ च्या डिसेंबरमध्ये कॉम्प्युटरच्या आवृत्तीतल्या अशा प्रती काढून टाकल्या, तर गेम दीडशे गिगाबाइटवरून तेवीसवर आला. म्हणजे रॅमॅकच्या त्या सरकणाऱ्या हाताची किंमत आपण सत्तर वर्षं मोजत होतो.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या दोन्ही नव्या कन्सोलमध्ये आतच एसएसडी बसवली. प्लेस्टेशन ५ ची ८२५ गिगाबाइटची, सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचणारी. इतका वेग यूएसबीच्या बाहेरच्या वडीला झेपत नाही. म्हणून या मशीनवर बाहेरच्या एसएसडीत जुन्या पिढीचे गेम ठेवून थेट खेळता येतात, पण नव्या पिढीचे नुसते ठेवता येतात. खेळायचे तर आत कॉपी करायचे. कोठीतलं धान्य आणि डब्यातलं पीठ, असा तो संबंध. डाउनलोडचा अर्धा दिवस वाचून काही मिनिटांवर काम येतं, हे काही कमी नाही. वर्गातला तो मुलगा चुकीचं सांगत नव्हता. फक्त कन्सोल ड्राइव्ह फॉरमॅट करून मगच आपली म्हणतो, हे त्याने सांगितलं नव्हतं. आणि मीही.

माझी चूक याहून मोठी होती. मी जुन्या हार्ड डिस्कमधलं सगळं 'सुरक्षित' म्हणून एसएसडीत हलवलं आणि ती खणात टाकून दिली. एसएसडी पडली तर फुटत नाही, टक् टक् करत नाही, हे खरं. पण तिची भांडी अगदी हळूहळू झिरपत असतात. धंद्यातल्या मानकानुसार, पुरती झिजलेली साधी एसएसडी विजेशिवाय ३० अंश तापमानात किमान एक वर्ष माहिती टिकवू शकली की ती पास. नवी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते. तरीसुद्धा जपणुकीच्या गोष्टी एकाच ठिकाणी, खणात, विजेशिवाय ठेवायच्या हे मी माझ्या एकाही क्लायंटला करू दिलं नसतं.

आता फाइल्सचं. एसएसडीला 'या जागा आता रिकाम्या समज' असं कळवणारी ट्रिम नावाची आज्ञा असते. ती मिळाली की ड्राइव्ह स्वतःच आतून झाडलोट करते आणि मग काही हाती लागत नाही. आमच्या नशिबाने ती बहुधा गेली नसावी. पण फॉरमॅटनंतर चिरंजीवांनी साठ-एक गिगाबाइटचा गेम त्यावर उतरवला होता, तेवढ्या जागेवरचं कायमचं गेलं. उरलेलं मी तीन रात्री बसून रिकव्हरी सॉफ्टवेअरने खरवडून काढलं. फोटो बरेच आले. २०११ ते २०१३ मधले निम्मे नाहीत. आजीचं रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत आलं, एक तास दहा मिनिटं. सगळ्या फाइल्सची नावं पुसली गेलेली, नुसते आकडे.

पुण्यात माझ्या धाकट्या भावाकडे, मी २००९ मध्ये जाळून दिलेल्या दोन डीव्हीडी निघाल्या. एक वाचलीच जात नाही. दुसरीतून आणखी वीस मिनिटं मिळाली. आता एक प्रत त्याच्याकडे आहे, एक इथे हार्ड डिस्कवर, एक नेटवर. वडी चिरंजीवांना देऊन टाकली, गेमसाठी.

बदल्यात त्याच्यावर एक काम सोपवलं आहे. आकड्यांच्या त्या फाइल्सना नावं द्यायची. शनिवारी सकाळी तो हेडफोन लावून बसतो. शब्द त्याला सगळे कळत नाहीत, मग हाक मारतो, "बाबा, ही ओवी आहे का नुसतं जातं?" परवा मी ऐकलं तर एका फाइलमध्ये दोन्ही नव्हतं. आजी मला विचारत होती, हे यंत्र चालू आहे की बंद.